वल्ली आणि आरोपी

एखाद्या मनुष्याविषयी आपले मत कसे बनते, असे कोणी विचारले तर आपण बहुधा असेच उत्तर देऊ की, त्याची वर्तणूक पाहून, त्याचे बोलणे ऐकून आणि त्याचा अनुभव घेऊन. हे उत्तर आपल्या विवेकबुद्धीस भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु ते फारसे खरे नाही. ज्या शेकडो माणसांविषयी आपल्या मनात आदर, तिटकारा, कौतुक किंवा संशय वसत असतो, त्यांपैकी किती जणांची पारख आपण स्वतः केलेली असते? बहुतेकांस आपण दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेले असते. ज्या शेजारणीचे नाव घरात नाक मुरडून घेतले जाते, तिच्या हातची भाजीसुद्धा आपल्याला खारट लागते. आणि ज्याची शिफारस आपल्या जिवलग मित्राने केली, त्याचा उर्मटपणाही आपणांस स्पष्टवक्तेपणा वाटू लागतो. मताला पुरावा लागतो हे आपण सभेत सांगतो. घरात मात्र मताला ओळख पुरते.

हा विचार मनात येण्याचे कारण असे की, मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचलेली दोन पुस्तके अलीकडे लागोपाठ पुन्हा वाचण्याचा योग आला. पहिले पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' आणि दुसरे विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक. पहिले १९६२ साली पुस्तकरूपाने आले व त्यास १९६५ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. दुसरे १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले, आणि सुलभा देशपांडे यांनी रंगविलेली बेणारेबाई ज्यांनी पाहिली त्यांस ती विसरता आली नाही. एक पुस्तक आजारी माणसाच्या उशाशी ठेवावे इतके प्रेमळ. दुसरे वाचल्यावर घरातील माणसांशी नजर मिळवावयास काही वेळ जावा लागतो. ह्या दोहोंची तुलना सहसा कोणी करीत नाही. एकास विनोदाच्या कपाटात आणि दुसऱ्यास सामाजिक नाटकाच्या कपाटात ठेवून आपण मोकळे होतो. परंतु माझ्या समजुतीने ही दोन्ही पुस्तके एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. चार माणसांच्या वर्तुळात पाचव्या माणसाविषयीचे मत कसे तयार होते, हा तो प्रश्न होय.

आणखी एक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. दोन्ही लेखकांचा संबंध आज अंधेरी तालुक्यात मोडणाऱ्या विलेपार्ल्याशी आहे. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीस आणि पार्ल्यास गेले. पार्ले टिळक विद्यालयाचे ते विद्यार्थी. तेंडुलकरांचे वास्तव्यही पार्ल्यास दीर्घकाळ होते, आणि 'शांतता!'चे बीजदेखील पार्ल्याच्या वाटेवरच पडले. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी पार्ल्यास निघालेल्या काही हौशी मंडळींचे आपसांतील बोलणे तेंडुलकरांच्या कानी पडले आणि त्यातून नाटकाची कल्पना सुचली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ह्या योगायोगास मी थोडे अधिक महत्त्व देतो. कारण मुंबईची उपनगरे ही माणसाविषयीचे मत तयार करण्याची एक नवी शाळाच होती.

गावात मनुष्य जन्मतःच ओळखीचा असतो. त्याचे कूळ, त्याची जात, त्याच्या आजोबाने बुडविलेले कर्ज आणि त्याच्या आत्याचे मोडलेले लग्न ही सारी माहिती पाळण्यातच त्याच्या नावाशी जोडलेली असते. आगगाडीच्या दोन मार्गांच्या आधाराने वाढलेल्या पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या वस्त्यांत मात्र कोकणातून आणि देशावरून आलेली कुटुंबे एकमेकांस परकी होती. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत ही उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली; पण त्यापूर्वीच तेथे नवी मंडळे, नव्या शाळा आणि नव्या ओळखी उभ्या राहिल्या होत्या. पार्ल्याचे टिळक विद्यालय १९२१ सालचे, लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. ज्याचे कूळ ठाऊक नाही त्यास कोणत्या खुणेने ओळखावयाचे? तर तो कोणत्या मंडळाचा सभासद आहे, सकाळच्या ठराविक गाडीत कोणाच्या शेजारी बसतो, गणेशोत्सवात कोणाच्या नाटकात काम करतो, ह्या खुणांनी. मनुष्याची किंमत त्याच्या ओळखींवरून ठरू लागली. ह्यात मोठी मुक्ती होती. गावचे जुने कर्ज येथे कोणी विचारीत नसे. परंतु ह्यात एक नवे भयही होते, आणि ते असे की, ज्याला ओळखींचा आधार नाही त्याचे येथे काहीच नाही.

ह्या मुक्तीचे चित्र देशपांडे यांनी काढले आहे आणि ह्या भयाचे तेंडुलकरांनी.

प्रथम 'व्यक्ती आणि वल्ली' घेऊ. ह्या पुस्तकातील माणसे गुणांचे पुतळे नाहीत. नामू परीट गिऱ्हाइकांचे कपडे स्वतःच घालून हिंडतो. अंतू बर्व्याच्या जिभेला काटे आहेत. नारायण हा लग्नघरातील प्रत्येक कामात नाक खुपसणारा मनुष्य आहे. सखाराम गटणे पुस्तकी भाषेत बोलून ऐकणाराचा जीव मेटाकुटीस आणतो. ह्यांतील कोणीही मनुष्य आपल्याला एखाद्या तक्रारखोर माणसाच्या तोंडून कळला असता, तर आपण त्याच्याविषयी काय मत केले असते? नामूस आपण चोर म्हटले असते, अंतूस कुजकट, नारायणास लुडबुड्या आणि गटण्यास आगाऊ. देशपांडे ह्या दोषांपैकी एकही दोष लपवीत नाहीत. तरी पुस्तक मिटताना ही माणसे आपल्या नात्यातली होऊन बसतात. ही किमया विनोदाची, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु विनोदाने मनुष्य हास्यास्पदही होतो. तेवढ्याने तो आपला होत नाही.

खरी किमया ओळख करून देण्याच्या पद्धतीत आहे. ह्या शब्दचित्रांत लेखक स्वतः नेहमी हजर असतो, आणि तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला नसून त्या माणसाच्या शेजारी बसलेला असतो. नामूने पळविलेले कपडे लेखकाचेही असू शकतात. अंतूचे टोमणे लेखकालाही लागलेले असतात. ज्याचे नुकसान झाले तोच हसत असेल, तर इतरांनी रागवावयाचे कशासाठी? लेखक आपल्या प्रतिष्ठेचा जामीन ह्या माणसांकरिता देतो. वाचकाचे लेखकावर प्रेम, लेखकाचे नामूवर प्रेम. म्हणून वाचकाचे नामूवर प्रेम. आपण नामूस कधीच भेटलेलो नाही, पण आपल्या विश्वासातल्या माणसाने त्याचा हात आपल्या हातात दिला आहे. साधे शेजारधर्माचे हे गणित देशपांडे यांनी कलेच्या पदवीस नेले, आणि त्याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे. आपल्या गल्लीतील चमत्कारिक माणसाकडे दोषदृष्टीऐवजी कौतुकाने पाहण्याची सवय एका सबंध पिढीस ह्या पुस्तकाने लाविली. 'वल्ली' हा शब्दच त्याने क्षमेचा केला. अमका मनुष्य वल्ली आहे असे म्हटले की त्याचे अर्धे अपराध माफ.

ऑस्ट्रियात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ फ्रित्स हायडर यांनी १९४६ साली एका लेखात आणि पुढे १९५८ सालच्या ग्रंथात ह्याच गणिताची मांडणी केली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मी, माझा परिचित आणि एक तिसरा मनुष्य अशी तीन टोके घ्या. मित्राचा मित्र मला आवडतो, मित्राचा शत्रू मला आवडत नाही आणि शत्रूच्या शत्रूविषयी मला जवळीक वाटते. ह्या स्थितीत मन स्वस्थ असते. परंतु ज्यास मी चांगला मानतो त्याने, ज्यास मी वाईट मानतो त्याचा पक्ष घेतला, तर मनास टोचणी लागते. ती टोचणी घालविण्यासाठी मन तीन धाग्यांपैकी एखादा धागा बदलते: मित्राविषयीचे मत खाली येते, किंवा त्या तिसऱ्याविषयीचे वर जाते, किंवा त्या दोघांचा संबंधच नाही अशी आपण समजूत करून घेतो. ह्यात सत्याचा शोध कोठेच नाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मनाला समतोल हवा असतो; तो खऱ्याने मिळाला काय आणि खोट्याने मिळाला काय, मनाचे समाधान सारखेच.

आता हेच गणित घेऊन तेंडुलकरांच्या नाटकाकडे वळू. मुंबईच्या एका वसाहतीतील हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी एका गावी आली आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला भरावयाचा असा रात्रीचा बेत आहे. स्थानिक रहिवासी सामंत याला न्यायालय कसे असते हे कळावे म्हणून तोपर्यंत एक लुटुपुटीचा खटला करून पाहावा असे ठरते, आणि लीला बेणारे ही शिक्षिका आत गेलेली असताना बाहेर तिलाच आरोपी करण्याचा बेत शिजतो. ही छोटी गोष्ट नाटकाची किल्ली आहे असे मला वाटते. आरोपी कोण हे दाराआड ठरते. आरोप कोणता हे त्यानंतर ठरते. आणि पुरावा सर्वांत शेवटी गोळा होतो. आपल्या दिवाणखान्यांत माणसांविषयी जी मते ठरतात त्यांचाही क्रम बहुधा हाच असतो.

ह्या मंडळींचे एकमेकांवर प्रेम आहे काय? मुळीच नाही. समाजकार्यकर्ते काशीकर आपल्या पत्नीचा पाणउतारा चारचौघांत करतात. त्यांच्या आश्रयाने वाढलेला बाळू रोकडे त्यांना भितो आणि मनातून जळतो. सुखात्मे हा पक्षकार नसलेला वकील, पोंक्षे परीक्षेत अडखळलेला विज्ञानभक्त, कर्णिक प्रायोगिक रंगभूमीचा तोरा मिरविणारा नट. प्रत्येकास दुसऱ्याचे अपयश ठाऊक आहे आणि ते बोलून दाखविण्याची संधी कोणी सोडीत नाही. पहिल्या अंकात ही मंडळी म्हणजे एकमेकांस टोचणाऱ्या काट्यांची मोळी आहे. मात्र खटला सुरू होताच ह्या मोळीस दोरी मिळते. ज्यांना आपसांत जोडणारे काहीच नव्हते, त्यांना एका समाईक आरोपीने जोडले. रोकड्याच्या शब्दास प्रथमच वजन येते. काशीकरबाईंना नवऱ्याच्या बरोबरीने बोलण्याचा अधिकार प्रथमच मिळतो. सुखात्म्यास अखेर एक खटला मिळतो. बेणारेचा नाश हा त्यांच्या मैत्रीचा पाया आहे. हायडरच्या तीन टोकांचा असा भेसूर उपयोग नाटककाराने त्यांचा ग्रंथ वाचून केला असेल असे मला वाटत नाही. त्याने तो आपल्याच आळीत पाहिला असावा.

आणि साक्षी कसल्या? कर्णिकाची साक्ष बेणारेच्या एका नातलगाकडून ऐकलेली, तो नातलगही क्रिकेटच्या सामन्याच्या निमित्ताने भेटलेला. काशीकरांची साक्ष शाळेच्या चालकाच्या घरी कानी पडलेल्या टेलिफोनवरील संभाषणाची. सामंताची साक्ष तर एका हलक्या कादंबरीतून उचललेली; तो बिचारा खेळात रंग भरावा म्हणून वाचलेले सांगतो, आणि नेमके तेच वर्मी लागते. स्वतःच्या अनुभवाचे म्हणावे असे काय ते रोकड्याने पाहिलेले आणि पोंक्ष्याला तिने विश्वासाने सांगितलेले. म्हणजे जेथे प्रत्यक्ष परिचय आहे तेथे विश्वासघात आहे, आणि जेथे परिचय नाही तेथे ऐकीव माहिती आहे. ओळखीचे जाळे मनुष्यास सांभाळते असे आपण म्हणतो. तेच जाळे शिकारीसही उपयोगी पडते हे येथे दिसते.

ह्या नाटकात जो मनुष्य रंगमंचावर कधीच येत नाही त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. प्रोफेसर दामले हा मंडळाचा प्रतिष्ठित सभासद. बेणारेच्या पोटी वाढणाऱ्या मुलाचा तो बाप आहे हे जसजसे उघड होते, तसतसा मंडळाच्या मनाचा समतोल बिघडावयास हवा होता. ज्याचा आपण मान ठेवतो तो आणि जिला आपण दोषी ठरवितो ती, ही दोघे एकाच कृत्यात भागीदार आहेत. आता एक तर दोघांनाही दोष द्यावा, नाहीतर दोघांनाही समजून घ्यावे. मंडळ तिसरा मार्ग पत्करते. दामले यास पिंजऱ्यात उभे करावे असे कोणाच्या मनातही येत नाही. असे का? माझ्या मते, असा ताण पडतो तेव्हा जो धागा सर्वांत अशक्त असेल तोच तुटतो. दामले विद्वान आहे, संसारी आहे, पुरुष आहे, दहा ठिकाणी ओळख असलेला आहे. त्याला तोडले तर मंडळाचे अनेक धागे तुटतात. बेणारे एकटी राहणारी, कमावती, अविवाहित स्त्री. तिच्यासाठी जामीन राहील असा एकही मनुष्य तिच्या पाठीशी नाही. तिला तोडण्यास काही किंमत पडत नाही. न्याय करावयास निघालेले मंडळ प्रत्यक्षात केवळ आपला काटकसरीचा हिशेब करीत असते. ज्या काशीकरांना मातृत्व पवित्र वाटते, तेच अखेरीस तिच्या गर्भाचा नाश करण्याची शिक्षा फर्मावतात, आणि ह्यात त्यांना विसंगती दिसत नाही. कारण हिशेब जुळला आहे.

आता मी ज्या मुद्द्यासाठी ही दोन पुस्तके शेजारी ठेविली त्याकडे येतो. पहिल्या अंकातील बेणारे कशी आहे, हे पुन्हा एकदा वाचून पाहावे. ती थट्टेखोर आहे. मंडळातील एकेकाची नक्कल करून ती सामंतास पोट धरून हसविते. ती वर्गात मुलांत रमते, गाणी गुणगुणते, मनात येईल ते बोलून टाकते. नाव झाकून हे वर्णन कोणापुढे ठेविले, तर तो चटकन म्हणेल, ही तर खरी वल्ली! मग तिच्या वाट्याला वल्लीचे भाग्य का आले नाही? 'व्यक्ती आणि वल्ली'ची अनुक्रमणिका उघडून पाहावी. नारायण, हरितात्या, गजा खोत, नाथा कामत, नंदा प्रधान, लखू रिसबूड, पेस्तनकाका, चितळे मास्तर, बापू काणे. एक चौकोनी कुटुंब वगळले तर सारे पुरुष आहेत. एकाही स्त्रीच्या नावाचे प्रकरण तेथे नाही. देशपांडे यांना स्त्रियांविषयी अनादर होता असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. तो अर्थ चुकीचा होईल. त्यांनी आपल्या समाजाचे यथार्थ चित्र काढले, आणि त्या समाजात विक्षिप्तपणाची सवलत फक्त पुरुषास होती. पुरुषाचे विचित्र वागणे ही गंमत. स्त्रीचे विचित्र वागणे हा पुरावा. नाथा कामताचे प्रेमप्रकरण ऐकून आपण हसतो. बेणारेच्या प्रेमाची हकीकत ऐकण्यासाठी न्यायालय भरवावे लागते. एकाच उपनगरातील, जवळजवळ एकाच दशकातील ही दोन पुस्तके एकमेकांची पूरक आहेत, ती ह्या अर्थाने. पहिल्या पुस्तकात जी जागा रिकामी आहे, तेथून दुसऱ्याची सुरुवात होते.

तेंडुलकरांवर एक आक्षेप घेण्यासारखा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांच्या मंडळात एकही मनुष्य क्षणभर कचरत नाही. काशीकरबाई स्वतः रोज अपमान सोसतात, पण बेणारेचा अपमान होताना त्यांच्या मनात स्वतःची आठवण एकदाही जागी होत नाही. प्रत्यक्ष जीवनात चार माणसांच्या अशा बैठकीत एखादा तरी खाली मान घालून गप्प बसतो, एखादा तरी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जातो. मतांच्या ह्या साथीतून काही माणसे वाचतात, आणि ती का वाचतात हे कळणे हा त्या साथीवरील औषधाचा आरंभ असतो. नाटककाराने ही शक्यता केवळ सामंतापुरती ठेविली. तो परका आहे. मंडळातील कोणाशीच त्याचा जुना धागा नाही, म्हणून कोणाची मर्जी राखण्यासाठी मत बदलण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. शेवटी निश्चल पडलेल्या बेणारेजवळ कापडी पोपट ठेवणारा तोच. परंतु नकळत का होईना, खटल्यास हत्यार पुरविणाराही तोच आहे, आणि येथे नाटककाराची दृष्टी फार खोल गेली आहे. निष्पाप मनुष्यही दुसऱ्यांनी मांडलेल्या खेळात उतरला की त्याचे निष्पापपण कोणाच्या कामास येत नाही.

बेणारेचे अखेरचे दीर्घ स्वगत कित्येक टीकाकारांना नाट्यदृष्ट्या सैल वाटले. मला ते नाटकाच्या तर्काचे टोक वाटते. त्या वेळी बाकीची पात्रे पुतळ्यांसारखी थिजून राहतात. ती काय बोलते हे त्यांतील एकासही ऐकू जात नाही. मत बदलू शकेल अशी एकच साक्ष ह्या खटल्यात होती, ती म्हणजे आरोपीची स्वतःची. आणि ती ऐकण्यासाठी न्यायालयात कोणी नव्हते. ती साक्ष प्रेक्षकापर्यंत पोहोचते, मंडळापर्यंत पोहोचत नाही. देशपांडे यांनी जे काम लेखकाच्या जामिनावर केले, ते तेंडुलकर जामीन न देता करू पाहतात. ते बेणारेची शिफारस करीत नाहीत. ते आपल्याला तिच्यासमोर एकटे सोडतात.

येथे कोणी म्हणेल की, उपाय मग सोपा आहे. माणसांची प्रत्यक्ष ओळख वाढवावी, म्हणजे पूर्वग्रह आपोआप गळून पडतील. आपल्या सुधारक मंडळींची ह्या विचारावर फार श्रद्धा आहे. ह्या श्रद्धेची कठोर परीक्षा बाबुराव बागूल यांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या कथेत केली आहे; हा कथासंग्रह १९६३ चा, म्हणजे 'व्यक्ती आणि वल्ली'नंतर एकाच वर्षाने आलेला. कथेतील नायक नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि बिऱ्हाड मिळावे म्हणून आपली दलित जात लपवितो. सोबती त्याच्या विद्वत्तेवर लुब्ध होतात, त्याच्याशी घरोबा करतात. प्रत्यक्ष ओळख झाली आहे, अनुभव उत्तम आला आहे, स्नेह जडला आहे. एवढे सारे असूनही जात कळताच तेच हात त्याला मारावयास उठतात. त्याला सोडविण्यास येतो तो काशीनाथ, ज्याने आपली जात कधी लपविली नाही आणि त्याचे चटके उघडपणे सोसले. हायडरच्या हिशेबात बसवावयाचे तर, त्या सोबत्यांचा नायकाशी असलेला धागा चांगलाच बळकट होता. पण त्यांना आपल्या जातभाईंशी बांधणारा दोर त्याहून शतपट जाड होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवरील ग्रंथात हेच बजावले आहे की, नुसत्या संपर्काने भागत नाही; दोन्ही पक्षांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, एकमेकांचे साह्य हवे आणि वरच्या अधिकाराचा त्या मैत्रीस पाठिंबा हवा. चोरून मिळविलेल्या ओळखीस ह्यांपैकी कशाचाच आधार नसतो.

उपनगरांच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे. पार्ल्याच्या मंडळांत ज्या ओळखी होत होत्या त्याच काळात घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे लिहीत होते. त्यांची 'फकिरा' १९५९ सालची. अंतर आगगाडीने तासाभराचे; पण एका वस्तीच्या ओळखीचे धागे दुसऱ्या वस्तीपर्यंत पोहोचत नसत. म्हणून पार्ल्याच्या वाचकास रत्नागिरीचा अंतू बर्वा घरचा वाटला, आणि चिरागनगरचा मनुष्य कित्येक वर्षे केवळ गाडीच्या खिडकीतून दिसणारे दृश्य राहिला. दूर आणि जवळ ही मोजणी मैलांत होत नाही. आपली शिफारस करणारा कोण आहे, ह्यावर ती होते.

आज चाळी पडून उंच इमारती झाल्या, आणि जी कुजबुज पूर्वी जिन्यात होत असे ती सोसायटीच्या मोबाईलवरील गटात होते. वेग वाढला, रीत तीच राहिली. अजूनही आरोपी दाराआड ठरतो, अजूनही साक्ष ऐकीव असते आणि अजूनही दामल्यांना कोणी बोलावीत नाही. त्यामुळे ह्या दोन पुस्तकांपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद मला निरर्थक वाटतो. देशपांडे यांनी आपल्याला जी दृष्टी दिली ती आपण त्यांनी दाखविलेल्या माणसांपुरतीच वापरली, हा दोष त्यांचा नव्हे, वाचकांचा आहे. गिऱ्हाइकाचा सदरा घालणाऱ्या परटास क्षमा करणे सोपे आहे, कारण तो पुस्तकात आहे आणि सदरा दुसऱ्याचा आहे. समोरच्या दाराआड राहणाऱ्या, रात्री उशिरा परतणाऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या बाईविषयी चारचौघांत बोलणे निघाले असता, हे आपण स्वतः पाहिले काय, एवढेच विचारणे त्याहून पुष्कळ अवघड आहे. कारण त्या प्रश्नाने आपले वर्तुळ नाराज होते, आणि कदाचित पुढचा खटला आपलाच असतो.

वाचकांस माझी विनंती आहे की, ही दोन पुस्तके त्यांनी एकाच आठवड्यात वाचावीत. आधी नारायण आणि नामू, आणि त्यांच्या मायेची ऊब मनात असतानाच 'शांतता!'चा पहिला अंक. बेणारे नकला करू लागेल तेव्हा हसू येईल. ते येऊ द्यावे. मग ते हसू तिसऱ्या अंकापर्यंत टिकते की नाही, आणि टिकत नसेल तर ते नेमके कोणाच्या साक्षीपाशी मावळले, तेवढे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.